‘शमुएल’ ते ‘सामाजी’ : एका हिब्रू पुरुषनामाचा अर्थ आणि वारसा

प्रास्ताविक

व्यक्तिनामांचा अभ्यास हा इतिहासाचा दुय्यम प्रांत मानण्याची प्रथा आहे. राजवंश, करार, लढाया आणि महसूल यांच्या मानाने नावे क्षुल्लक वाटतात. तथापि ज्या समाजांच्या हाती दीर्घकाळ ना राज्य होते, ना दफ्तर, ना ग्रंथ, अशा समाजांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या मुलांना दिलेली नावे हाच कित्येकदा सातत्याचा मुख्य पुरावा असतो. ‘शमुएल’ हे प्राचीन हिब्रू पुरुषनाम या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. या नावाचा शब्दशास्त्राला मान्य असलेला अर्थ एक आणि ज्या अर्थासाठी आईबापांनी ते मुलांना ठेवले तो अर्थ दुसरा, अशी त्याची स्थिती आरंभापासून दिसते. इंग्रजीतील ‘सॅम्युएल’, अरबीतील ‘समौअल’, मराठी बायबलमधील ‘शमुवेल’ आणि कोकणातील बेने इस्राएलांचे ‘सामाजी’ ही सर्व या एकाच नावाची रूपे होत. त्यांपैकी शेवटचे रूप मूळ रूपापासून सर्वांत दूर गेलेले दिसते. पण नावामागील आशय कितपत टिकला हे पाहू गेल्यास हाच क्रम उलटा लागण्याचा संभव आहे. प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा मागोवा घेतला आहे.

हन्नेने सांगितलेली व्युत्पत्ती

या नावाच्या वारशाचा उगम तनाखमधील शमुएलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातील एलकाना नावाच्या गृहस्थास दोन बायका होत्या. पनिन्नेस मुले होती, हन्नेस नव्हते. दरवर्षी शिलो येथील देवस्थानी यज्ञासाठी हे कुटुंब जाई आणि तेथे सवतीचे टोमणे हन्नेला ऐकावे लागत. एका वर्षी ती मंदिरात जाऊन रडली आणि तिने नवस बोलला : मुलगा झाला तर तो जन्मभरासाठी देवाला वाहीन आणि त्याच्या डोक्याला वस्तरा लागू देणार नाही. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. त्यामुळे एली या वृद्ध याजकाला ती मद्य प्यायलेली वाटली. तिचे म्हणणे ऐकल्यावर मात्र त्याने तिला आशीर्वाद दिला. पुढे मुलगा झाला. त्याचे नाव तिने शमुएल ठेवले आणि कारण असे दिले की, त्याला आपण परमेश्वरापाशी मागितले होते.

हे वाचणाऱ्या मराठी वाचकाला काही परके वाटत नाही. नवस, तो फेडणे, ‘नवसाचा मुलगा’ हा सारा व्यवहार त्याच्या परिचयाचा आहे. अडचण येते ती हिब्रू भाषा जाणणाऱ्या वाचकाला. ‘मागणे’ या अर्थाचा हिब्रू धातू शीन-आलेफ-लामेद असा आहे. ‘शमुएल’ या नावात शीन आहे, आलेफ व लामेदही आहेत, परंतु शीननंतर मेम येतो आणि तो या धातूत कोठेच नाही. हन्नेने दिलेले कारण आणि तिने ठेवलेले नाव यांचा जोड व्याकरणाने बसत नाही. उलट ते कारण दुसऱ्या एका नावाला अक्षरशः लागू पडते आणि ते नाव म्हणजे शौल. इस्राएलच्या या पहिल्या राजाच्या नावाचा, म्हणजे ‘शाऊल’ या शब्दाचा, अर्थच ‘मागितलेला’ असा आहे. या अध्यायात ‘मागणे’ हा धातू वेगवेगळ्या रूपांत सात वेळा आला असून अखेरच्या वेळी तर तो हुबेहूब ‘शाऊल’ याच रूपात येतो; हन्ना एलीला सांगते की, हा मुलगा परमेश्वराला दिलेला, त्याच्यासाठी मागून घेतलेला आहे.

यावरून आधुनिक काळातील काही अभ्यासकांनी असे अनुमान काढले की, ही जन्मकथा मुळात शौल राजाची असावी आणि राजाची प्रतिष्ठा ओसरल्यावर ती प्रवक्त्याच्या नावावर चढवली गेली असावी. अनुमान आकर्षक आहे, पण त्याला एक मोठा आक्षेप संभवतो. कथेतील शिलो, एली, देवस्थानातील सेवा हे सारे तपशील शमुएलच्या पुढील चरित्रात घट्ट विणलेले आहेत आणि शौलच्या चरित्रात त्यांना जागा नाही. शिवाय पुढे याच ग्रंथात लोक शमुएलपाशी राजा ‘मागतात’ आणि त्या मागणीतून शौल येतो. तेव्हा पहिल्या अध्यायातील शब्दांचा हा खेळ हेतुपुरस्सर असून आईने मागितलेला मुलगा आणि लोकांनी मागितलेला राजा यांना ग्रंथकार शेजारी ठेवतो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. एकाचे मागणे एकट्या, अपमानित स्त्रीचे. दुसऱ्याचे साऱ्या राष्ट्राचे. पहिले सफळ झाले. दुसऱ्याचा शेवट गिलबोआच्या डोंगरावर पराभवात झाला.

शब्दशास्त्राचा निवाडा

मग नावाचा खरा अर्थ कोणता? मध्ययुगीन व्याकरणकार दाविद किम्ही यांनी हन्नेची बाजू सावरण्याचा प्रयत्न केला. ‘शाऊल मे-एल’ म्हणजे ‘देवापासून मागितलेला’ या शब्दांचा संक्षेप होऊन ‘शमुएल’ बनले, असे त्यांचे स्पष्टीकरण. संक्षेप कल्पक असला तरी हिब्रू नावे अशा रीतीने बनत नाहीत. दुसरी लोकप्रिय व्युत्पत्ती ‘ऐकणे’ या अर्थाच्या ‘शमा’ धातूवरून दिली जाते : ‘देवाने ऐकलेला’. आजही मुलांच्या नावांच्या पुस्तकांत बहुधा हाच अर्थ छापलेला असतो. परंतु ‘शमा’ धातूच्या अंती आयिन हे अक्षर आहे आणि ‘शमुएल’मध्ये ते नाही. ज्या नावात हा धातू खरोखर आहे ते ‘इश्माएल’, म्हणजे अरबी ‘इस्माईल’. तेथे आयिन शाबूत आहे.

राहिला तिसरा पर्याय. ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव. मधला ‘उ’ हा जुन्या सेमिटिक भाषांतील विभक्तिप्रत्ययाचा अवशेष. ‘पनुएल’ म्हणजे ‘देवाचे मुख’ या स्थलनामाची घडण अशीच आहे. त्यानुसार ‘शमुएल’ म्हणजे ‘देवाचे नाव’, किंवा काहींच्या मते ‘त्याचे नाव एल’. या पर्यायाला मेसोपोटेमियातून बळकट आधार मिळतो. इसवी सनपूर्व एकोणिसाव्या शतकात लार्सा येथे सुमू-एल नावाचा राजा होता आणि बॅबिलोनच्या अमोरी घराण्यात सुमू-ला-एल नावाचा राजा होऊन गेला. अमोरी नावांतील हा ‘सुमू’ म्हणजे ‘नाव’. पुढे ‘नाव चालवणारा’ या अर्थाने वंशज असाही त्याचा अर्थ होतो. मराठीत ‘कुळाचे नाव चालवणे’ म्हणतात, त्याच्याशी हे जवळचे आहे. तेव्हा हन्नेच्या काळाच्या सात-आठशे वर्षे आधीपासून हा नामप्रकार पश्चिम आशियात रूढ होता. खुद्द तनाखमध्येही शमुएल नावाचे आणखी दोघे आढळतात, एक शिमोनाच्या वंशातील व दुसरा इस्साखाराच्या. दोघांपैकी एकाच्याही आईने नवस केल्याचे कोठे म्हटलेले नाही.

शब्दशास्त्राचा कौल अशा रीतीने स्पष्ट आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला तो पुरेसा ठरत नाही. पुढील अडीच हजार वर्षांत ज्यांनी आपल्या मुलांना हे नाव दिले, त्यांच्यापैकी क्वचितच कोणाच्या मनात लार्साचा सुमू-एल होता. त्यांच्या मनात हन्ना होती. नावाचा अर्थ कोशाने ठरवलेला नाही, कथेने ठरवलेला आहे.

ही कथा जिवंत राहण्याची व्यवस्था ज्यू उपासनेनेच केली. रोश हश्शाना या नववर्षाच्या सणाच्या पहिल्या दिवशी प्रवक्त्यांच्या ग्रंथांतील जो भाग वाचला जातो तो हन्नेच्या नवसाचा आणि तिच्या प्रार्थनेचा. तालमूदच्या ‘बराखोत’ या विभागात प्रार्थना कशी करावी याचे नियम हन्नेच्या वर्तनावरून काढलेले आहेत : मन एकाग्र असावे, ओठ हलावेत, आवाज मात्र ऐकू जाऊ नये. म्हणजे ज्या मूकपणामुळे याजकाने तिला दारूडी ठरवले, तोच पुढे साऱ्या समाजाच्या प्रार्थनेचा आदर्श झाला. स्तोत्रसंहितेच्या नव्व्याण्णवाव्या स्तोत्रात मोशे व अहरोन यांच्या रांगेत शमुएलचे नाव येते आणि यिर्मयाच्या ग्रंथात मोशे व शमुएल हे लोकांसाठी देवापाशी रदबदली करणारे दोघे म्हणून एकत्र उल्लेखिले आहेत. शमुएलच्या अधिकाराचा पायाही असा मागण्यातच आहे.

वस्तऱ्याची अट

हन्नेच्या नवसातील एक तपशील येथे लक्षपूर्वक पाहावयास हवा, कारण त्याचा धागा पुढे कोकणापर्यंत येतो. मुलाच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, ही अट ‘नाजीर’ या व्रताशी निगडित आहे. नाजीर म्हणजे देवाला वाहिलेली व्यक्ती. तिने केस कापू नयेत, मद्य पिऊ नये, प्रेताला शिवू नये, असे नियम गणनेच्या ग्रंथात दिले आहेत. शमशोन हा जन्मतःच नाजीर होता, असे शास्ते या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे. शमुएलच्या बाबतीत मात्र परंपरागत हिब्रू पाठात हा शब्द येत नाही.

प्राचीन काळीच यावर वाद होता. मिश्नाच्या ‘नाजीर’ या प्रकरणाच्या अखेरीस रब्बी नहोराई शमुएलला नाजीर ठरवतात, तर रब्बी योसे ते नाकारतात. ‘मोरा’ या शब्दाचा अर्थ वस्तरा न घेता भय असा घ्यावा, माणसाचे भय त्याला शिवणार नाही असे हन्नेला म्हणायचे होते, हा त्यांचा युक्तिवाद. ग्रीक भाषांतरात नवसाच्या शब्दांत मद्य वर्ज्य करण्याची अट जास्तीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मृत समुद्राजवळ कुमरान येथील चौथ्या गुहेत शमुएलच्या ग्रंथाची जी गुंडाळी सापडली, तिच्यात तर हन्ना आपल्या मुलाला जन्मभरासाठी नाजीर करीत असल्याचे सरळ शब्द आहेत. ही गुंडाळी इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील आहे. तेव्हा शमुएल म्हणजे नवसाने झालेला आणि केस राखलेला मुलगा, ही समजूत निदान त्या काळाइतकी जुनी आहे हे निश्चित.

नावाचा प्रवास

दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसानंतर ज्यू समाज जसा पांगला तसे हे नाव देशोदेशी गेले. त्यातील प्रत्येक मुक्कामाची नोंद येथे करण्याचे प्रयोजन नाही. काही ठळक व्यक्ती पुरेशा आहेत. तिसऱ्या शतकात बॅबिलोनियातील नहर्दआ येथे होऊन गेलेले मार शमुएल (मृत्यू सुमारे इ.स. २५४) हे तालमूदच्या आद्य आचार्यांपैकी एक, आकाशातील ताऱ्यांचे ज्ञान आणि न्यायशास्त्र या दोहोंसाठी त्यांची ख्याती होती. ज्या राज्यात राहतो त्या राज्याचा कायदा हा ज्यूंवरही बंधनकारक कायदाच होय, हे त्यांचे सूत्र पुढे देशोदेशीच्या ज्यू समाजांनी स्वीकारले. परक्या राजवटीत आपले धर्माचरण सांभाळून राहण्याची वाट या सूत्राने आखून दिली.

अरबस्तानात सहाव्या शतकात तैमा येथे समौअल इब्न आदिया हा ज्यू कवी होता. आपल्याकडे ठेव म्हणून ठेवलेली शस्त्रे शत्रूच्या हवाली करण्याऐवजी त्याने पुत्राचा वध होऊ दिला, अशी आख्यायिका असून वचनपालनासाठी अरबीत त्याचे नाव म्हणीसारखे वापरले जाते. कुराणात शमुएलचे नाव नाही. दुसऱ्या सूरेत राजा मागणाऱ्या इस्राएलांना उत्तर देणारा जो प्रवक्ता येतो तो शमुएल होय, असे भाष्यकार सांगतात. जेरुसलेमच्या उत्तरेस ‘नबी समविल’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे परंपरागत समाधिस्थान ज्यू आणि मुसलमान दोघांनाही पूज्य आहे. स्पेनमधील ग्रानाडा येथे अकराव्या शतकात वजीरपदापर्यंत पोहोचलेले शमुएल हन्नागीद (जन्म ९९३) हे हिब्रूतील थोर कवी. अरबी दरबारात ते ‘इस्माईल’ या नावाने ओळखले जात. वर पाहिल्याप्रमाणे ‘देवाने ऐकणे’ हा अर्थ खरा इस्माईलचा आहे. लोकांच्या मनात तो शमुएललाही चिकटला होता, म्हणूनच हे एक नाव दुसऱ्याच्या जागी सहज बसले असावे.

युरोपात ‘श’ हा ध्वनी नसलेल्या ग्रीक भाषेतून हे नाव लॅटिनमध्ये ‘सामुएल’ म्हणून आले. धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर इंग्लंडमधील प्रॉटेस्टंटांनी संतांच्या नावांऐवजी जुन्या करारातील नावे पसंत केली आणि सॅम्युएल हे इंग्रजी घरांत रुळले. सतराव्या शतकातील दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स आणि अठराव्या शतकातील कोशकार सॅम्युएल जॉन्सन ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक ज्यूंमध्ये ‘श’ टिकला आणि ‘शमुलिक’सारखी लाडकी रूपेही घडली. ज्यूंमध्ये मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवले जाते. अश्केनाझी घराण्यांत ते दिवंगत पूर्वजाचे असावे असा संकेत आहे, सफार्दी घराण्यांत हयात आजोबांचे नाव देण्यासही हरकत नसते. दोन्ही रीतींत नाव घराण्यात फिरत राहते.

कोकणातील सामाजी

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगाव येथे त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या. ग्रंथ समुद्रात गेले. काळाबद्दल मतभेद आहेत. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात हा समाज जेव्हा इतिहासाच्या प्रकाशात येतो तेव्हा तो मराठी बोलणारा, तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवला जाणारा असा दिसतो. सुंता, शब्बाथ, काही सण व आहाराचे नियम एवढे राहिले होते. हिब्रू भाषा गेली होती. उरले होते ते ‘शमा’ या शब्दाने सुरू होणारे, ‘हे इस्राएला, ऐक’ अशा अर्थाचे श्रद्धावचन, आणि प्रत्येक मंगल वा अमंगल प्रसंगी तेच म्हटले जाई. ज्या ‘ऐकणे’ या धातूशी लोकांनी शमुएल नाव जोडले, तोच धातू या समाजाच्या ओठांवर उरलेल्या मोजक्या हिब्रू शब्दांच्या आरंभी असावा, हा योगायोग असला तरी नजरेआड करण्यासारखा नाही.

भाषा गेली तरी पुरुषांची नावे गेली नाहीत, मात्र त्यांनी मराठी पेहराव चढवला. अब्राहामचा आबाजी झाला, बिन्यामीनचा बनाजी, एलियाचा एलोजी, मोशेचा मुसाजी, यहेज्केलचा हसाजी आणि शमुएलचा सामाजी. आडनावे गावांवरून पडली : केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. स्त्रियांची नावे तर पुष्कळदा सरळ मराठीच असत. तानाजी, बाजी, संताजी यांच्या मुलखात सामाजी हे नाव कोणाला खटकण्यासारखे नव्हते.

या रूपांतरात एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘शमुएल’ आणि ‘यहेज्केल’ या दोन्ही नावांच्या अंती ‘एल’, म्हणजे देव, आहे. ‘सामाजी’ आणि ‘हसाजी’ या रूपांत तो अंश गळाला आणि त्याच्या जागी ‘जी’ हा मराठी आदरार्थी प्रत्यय बसला. शब्दशास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच हानी आहे; ‘देवाचे नाव’ या अर्थाच्या शब्दातून देवच गेला. व्युत्पत्ती हाच नावाचा अर्थ मानायचा झाल्यास सामाजी हे अर्थशून्य नाव ठरते. परंतु याच समाजाने नावामागील कथेचा गाभा आचरणात कसा सांभाळला, हे पाहिले म्हणजे तसे म्हणवत नाही.

एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत बेने इस्राएलांच्या नाजीर व्रताची नोंद आहे. मूल नसलेली स्त्री नवस करी की, मुलगा झाला तर त्याला नाजीर करीन. तो झाल्यावर सहा-सात वर्षांपर्यंत त्याचे केस कापत नसत. मुदत भरल्यावर ते उतरवून त्यांच्या भारंभार सोने किंवा चांदी धर्मादाय दिली जाई. हन्नेच्या नवसाशी याचे साम्य उघड आहे. कोकणातील इतर समाजांतही नवसाने जावळ राखण्याची चाल असल्यामुळे ही प्रथा शेजाऱ्यांकडून आली, असे कोणी म्हणू शकेल, आणि बाह्य विधीपुरते ते खरेही असू शकेल. परंतु ‘नाजीर’ हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले नाही. संकटात एलियाहू हन्नाबीला नवस करणे आणि पोहे, खोबरे, साखर व फळे यांच्या मलिद्याने तो फेडणे ही तर या समाजाची आजही ठळक खूण आहे. देवापाशी मागणे, मिळणे आणि मिळालेले अंशतः परत वाहणे हे नात्याचे स्वरूप हन्नेच्या कथेचेच आहे.

सामाजी हसाजी दिवेकर

हे सारे एका व्यक्तीच्या चरित्रात एकवटले, ती व्यक्ती म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू रीतीने म्हणायचे तर शमुएल बेन यहेज्केल आणि इंग्रजी कागदपत्रांच्या रीतीने सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई पलटणींत बेने इस्राएल मोठ्या संख्येने भरती होऊ लागले. सामाजी त्यांपैकी एक असून तो पुढे देशी कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. समाजाची आख्यायिका अशी की, कैद्यांना जात-धर्म विचारला असता त्याने ‘बनी इस्राएल’ असे उत्तर दिले. हे नाव कुराणात आहे हे जाणणाऱ्या सुलतानाच्या मातेने रदबदली केल्यामुळे जीव वाचला. आख्यायिकेतील संवाद पुराव्याने तपासता येण्याजोगे नाहीत. पण समाजाने आपली सुटका कशामुळे झाली असे मानले, हे त्यातून कळते : ज्या सामुदायिक नावाने तो कोकणात ओळखला जाई, त्या नावामुळे.

परंपरा पुढे सांगते की, कैदेत असताना सामाजीने नवस केला होता, सुटलो तर देवाचे मंदिर बांधीन. तोवर बेने इस्राएलांना स्वतःचे सभास्थान नव्हते. प्रार्थना घरोघरी होत. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात त्याने समाजाचे पहिले सभास्थान उभारले आणि त्याला ‘शाआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ते सामाजी हसाजीची मशीद म्हणूनच राहिले आणि पुढे दुसरे सभास्थान झाल्यावर ‘जुनी मशीद’ ठरले. प्रार्थनास्थळाला मशीद म्हणण्यात बेने इस्राएलांना संकोच नव्हता. १८६० मध्ये ते सध्याच्या जागी हलवण्यात आले. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव या वास्तूवरून पडले, असे मानणारेही आहेत.

सभास्थान झाले, तरी तोरा ग्रंथाची गुंडाळी आणि उपासना चालवणारे जाणकार हवे होते. त्यासाठी सामाजी कोचीनला गेला. तेथील ज्यू समाज ग्रंथसंपन्न होता आणि तेथून पुढे बेने इस्राएलांना शिक्षक व उपासक मिळाले. सामाजी स्वतः मात्र परतला नाही. १७९७ मध्ये त्याचे कोचीनलाच निधन झाले.

हन्नेने नवसाने मिळालेला मुलगा मंदिराला वाहिला. दिवेकराने नवसाने मिळालेल्या आयुष्यातून मंदिर वाहिले. सामाजीला आपल्या नावाची बायबलमधील कथा शब्दशः ठाऊक होती, असा दावा करता येत नाही आणि तशी गरजही नाही. ज्या समाजात देवापाशी मागण्याची आणि मागितलेले फेडण्याची रीत नाव विसरल्यावरही चालू होती, त्या समाजातील तो माणूस होता.

नावाचे परत येणे

एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांची हिब्रूशी पुन्हा भेट झाली, तीही काही अंशी मराठीतून. कोचीनच्या शिक्षकांखेरीज ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने भाषा घेतली, धर्मांतर बहुतांशी नाकारले. मराठी बायबलमध्ये हे नाव ‘शमुवेल’ असे अवतरले. गेलेला ‘एल’ मराठी अक्षरांत परत आला. इंग्रजी शाळा, रेल्वे, टपाल व कचेऱ्या यांतून त्याच वेळी ‘सॅम्युएल’ही आले आणि शतकाच्या अखेरीस सामाजी हे रूप मागे पडू लागले. समाजाचे इतिहासकार हाईम सामुएल केहिमकर यांच्या स्वतःच्या नावात हा बदल दिसतो : हिब्रू नाव, वडिलांचे सामुएल, आणि शेवटी कोकणातील किहीम गाव. त्यांचा १८९७ मध्ये पूर्ण झालेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे त्यांच्यापुढे अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. तेथील प्रमुख रब्बींच्या मंडळाने १९६२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्राएलांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी होऊ लागली. जो समाज स्वतःला इस्राएलाची लेकरे याखेरीज दुसरे नाव ठाऊक नसताना शतकानुशतके जगला, त्याला ज्यूपणाचा दाखला मागितला गेला. निदर्शने झाली, उपोषणे झाली. काही कुटुंबे भारतात परतली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव केला आणि रब्बींच्या मंडळाला निर्देश बदलावे लागले. या वादात बाजूने व विरुद्ध जे बोलले गेले त्यात विवाह, घटस्फोट व ग्रंथांचे अज्ञान यांची चर्चा पुष्कळ होती. नावांचा विचार त्या मानाने फार थोडा झाला. वास्तविक ग्रंथ, भाषा व पुरोहित यांपैकी काहीही नसताना ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना आबाजी, एलोजी, सामाजी म्हटले, त्यांच्या बाजूची ती एक भक्कम साक्ष होती.

सामाजी हे रूप आज प्रचारात नाही. मुंबई, ठाणे व रायगड परिसरात उरलेल्या बेने इस्राएल घरांत सॅम्युएल हे नाव किंवा आडनाव आढळते. इस्राएलमध्ये जन्मलेल्या पिढ्यांच्या तोंडी हिब्रू नावेच रुळली आहेत, आणि पुष्कळांनी त्यापुढे केहिमकर, पेणकर, दिवेकर ही गावांची आडनावे तशीच ठेवली आहेत. सभास्थानात तोरा वाचनासाठी पुरुषाला पाचारण करताना मात्र मुंबई असो वा इस्राएल, आडनाव घेतले जात नाही. तेथे स्वतःचे हिब्रू नाव, मग ‘बेन’ आणि मग वडिलांचे नाव एवढेच म्हणतात. ज्याला बाहेर सॅम्युएल म्हणतात, तो तेथे शमुएल बेन अमुक या नावाने उठून उभा राहतो.